कॉब्लर, पंचा आणि वरचा निखारा

गेल्या अंकात मी भाचीकडे अटलांटाला खाल्लेल्या पीच कॉब्लरबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि शेवटी ‘घरी मी तो स्लो कुकरमध्ये करते’ असं एक वाक्य जोडलं. ते वाक्य अंगाशी आलं. पत्रं आली, मेल आले, शिवाय जांभळी नाक्यावर मेथी निवडून घेत असताना एका बाईंनी मला गाठून उभ्या उभ्या तीन प्रश्न विचारले. म्हणून या वेळचं सदर एकाच पदार्थाला दिलं आहे. ज्यांनी कॉब्लर पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी: खाली आंबटगोड फळं, त्यावर मैद्याचे मऊ गोळे, दोन्ही एकाच भांड्यात शिजतं. उलटून काढायचं नाही, सजवायचं नाही, चमच्याने वाढायचं. केकपेक्षा सोपा, शिऱ्यापेक्षा जरासा अवघड. आणि स्लो कुकर म्हणजे मंद उबेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं.

प्रश्न: मुलाने वाढदिवसाला स्लो कुकर दिला. तुमचं वाचून दोनदा कॉब्लर केला. दोन्ही वेळा वरचा थर पांढराफटक, ओलसर आणि चिकट झाला. ओव्हनमधल्यासारखा खरपूस रंग आलाच नाही. खाली तर फळांचा पन्हं झाल्यासारखा रस. माझं काय चुकतं आहे? (निवृत्त शिक्षिका, घोडबंदर रोड)

बाई, चूक निम्मीच तुमची. उरलेली निम्मी अपेक्षेची आहे.

माझा पहिला कॉब्लर याहून वाईट होता. ह्यांनी वाटीत चमचा फिरवून विचारलं, “ही कढी समजून भातावर घ्यायची का?” तेव्हा राग आला, पण मग शांतपणे बसून विचार केला आणि मला आठवली ती आजीची तवशाच्या धोंडसाची, म्हणजे काकडीच्या कोकणी केकची रीत. गुहागरकडच्या आमच्या घरी आजी पातेल्यात धोंडसाचं मिश्रण ओतायची. खाली चुलीतले निखारे असायचेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती झाकणावरही निखारे ठेवायची. ‘वरचा निखारा विझू देऊ नको गं,’ हे काम माझ्याकडे असायचं. तो विझला की धोंडस वरून ओलं राहायचं, पिवळट आणि घामेजलेलं. तुमच्या कॉब्लरचं तेच झालं आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेतही कॉब्लर असाच व्हायचा. घोडागाड्यांतून पश्चिमेकडे निघालेली माणसं ओतीव लोखंडाचं, तीन पायांचं भांडं बरोबर नेत. त्याला डच ओव्हन म्हणतात. त्याच्या झाकणाला मुद्दाम उभी कड असते, वर ठेवलेले निखारे घरंगळून पडू नयेत म्हणून. गुहागरची आजी आणि त्या प्रवासी बायका एकमेकींना कधी भेटल्या असत्या तर झाकणावरून पाच मिनिटांत मैत्री झाली असती.

स्लो कुकरला हा वरचा निखारा नाही. त्याची तार बाहेरच्या भांड्याच्या भिंतीत फिरवलेली असते, म्हणजे ऊब बाजूने आणि खालून येते. ‘लो’ वर ठेवा की ‘हाय’ वर, आतलं तापमान शेवटी पाणी उकळण्याच्या अलीकडे, साधारण ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन थांबतं. फरक फक्त तिथे पोचायला किती वेळ लागतो इतकाच. आणि मैद्याला, दुधाला तांबूस रंग चढायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे तुम्ही दिवसभर ठेवलात तरी तो रंग येणार नाही. हे यंत्र त्यासाठी निघालंच नव्हतं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यांची आई लिथुआनियातल्या आपल्या बालपणीची आठवण सांगायची: शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांतून घेवड्याचे-बटाट्याचे हंडे गावातल्या बेकरीत नेऊन ठेवत आणि विझत्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजत. नॅक्सननी त्यावरून भांडं बनवलं आणि पुढे १९७१ मध्ये एका मोठ्या कंपनीने ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं. म्हणजे मूळ काम उसळीचं. त्याच्याकडून आपण नानकटाई मागतोय!

तेव्हा हा पदार्थ भाजायचा नाही, वाफवायचा आहे असं मनाशी धरा. सांदण करताना आपण ‘रंग आला नाही’ म्हणून रडतो का? मग वाफवण्याचे जे नियम आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत तेच लावा. ढोकळा करताना झाकणाला फडकं का बांधतो? वाफेचं पाणी पिठावर टपकू नये म्हणून. स्लो कुकरचं झाकण काचेचं आणि घुमटासारखं, त्यावरून पाऊस पडतो. धुवट पंचा दुहेरी करून भांड्यावर ताणा, वर झाकण ठेवा आणि पंचाची टोकं वर घेऊन झाकणाच्या मुठीला गाठ मारा. टोकं खाली लोंबू देऊ नका, बाहेरचं भांडं तापलेलं असतं.

आता तुमची चूक. तुम्ही पत्रात लिहिलं आहे की फळं फ्रिजमधून काढून लगेच वर मिश्रण ओतलं. खालचं थंड, मग वरच्या गोळ्याची तळाची बाजू शिजणार कशी? आधी फक्त फळं, साखर, कॉर्नफ्लोअर ‘हाय’ वर पाऊण तास ठेवा. कडेने बुडबुडे येऊन रस जरा काचेसारखा दिसू लागला की मगच गोळे टाका. कॉर्नफ्लोअरलाही घट्ट व्हायला चांगली उष्णता लागते, कोमट रसात तो नुसता पांढरा गढूळ राहतो. तुमचं पन्हं त्यामुळेच झालं. आणि मध्येमध्ये झाकण उघडून बघण्याची सवय सोडा. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

आणि रंग हवाच असेल तर त्याची युक्ती सांगते. वाढण्यापूर्वी वरून नानकटाईचा जाडसर चुरा पेरा. चार नानकटाया पुरतात. वरचा निखारा बेकरीवाल्याने आधीच लावून दिलेला असतो.

प्रश्न: काकू, मी कोपरखैरणेला तिघांबरोबर राहतो. ओव्हन नाही, मिक्सर नाही, स्लो कुकर आहे (आधीच्या भाडेकरूने सोडलेला). रविवारी करून खाता येईल असं सगळ्यात सोपं प्रमाण द्या. कृपया ‘अंदाजाने’ असं लिहू नका. (आयटीतला मुलगा)

अंदाजाने नाही लिहीत रे, पण तुझ्या आईला तू कधी असं बोलला असशील तर तिची माफी माग.

आधी आतलं मातीचं भांडं बाहेर काढून उजेडात बघ. आधीच्या भाडेकरूने का सोडलं ते कळेल. बारीक तडा असेल तर वापरू नकोस. माझ्या एका भांड्याला मी गरम असतानाच नळाखाली धरलं होतं. टक्कन आवाज आला. त्यात आता कोरफड लावली आहे आणि ती फार छान वाढते आहे.

साडेतीन लिटरच्या भांड्याचं प्रमाण देते. सोलून, डोळे काढून चिरलेला अननस अर्धा किलो आणि आलूबुखार पाव किलो, बिया काढून. अननस कापायचा कंटाळा असेल तर फळवाल्याकडून सोलून घे, लाजू नकोस. आतल्या भांड्याला बोटाने बटर चोळ. त्यात फळं, १०० ग्रॅम साखर (मोजायच्या कपाने अर्धा कप), दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि चार वेलदोड्यांची पूड घालून हाताने कालव. झाकण लावून ‘हाय’ वर पाऊण तास. दालचिनी घालतात तिकडे, मला अननसाबरोबर वेलची जास्त आवडते.

तोवर दुसऱ्या भांड्यात १५० ग्रॅम मैदा (सव्वा कप), ४० ग्रॅम साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर. सोडा नाही, पावडर. सोड्याला फुलायला दह्यासारखं काही आंबट लागतं, पावडरीत ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. यात ६० ग्रॅम थंड बटर तुकडे करून टाक आणि बोटांच्या टोकांनी चोळ, पीठ रव्यासारखं दिसेपर्यंत. शंकरपाळ्यांना मोहन चोळताना घरी पाहिलं असशील, तसंच. बटर खारं असेल तर यात मीठ घालू नको. मग १०० मिलिलिटर थंड दूध ओतून चमच्याने जेमतेम एकत्र कर. मळायचं नाही, पोळ्या करायच्या नाहीत. गुठळ्या दिसल्या तरी चालतील, भज्याच्या पिठापेक्षा घट्ट आणि कणकेपेक्षा सैल. फार कोरडं वाटलं तर अजून एक-दोन चमचे दूध.

कडेने बुडबुडे आलेल्या फळांवर याचे आठ-नऊ गोळे चमच्याने सोड. मध्ये फटी राहू देत, वाफेला वाट हवी. सगळं लिंपून टाकलंस तर मधला भाग कच्चा राहील. पंचा, झाकण, आणि ‘हाय’ वरच पावणेदोन ते दोन तास. मधल्या गोळ्यात दाताची काडी खुपस, कोरडी आली की बंद कर. मग झाकण काढून वीस मिनिटं नुसतं राहू दे. या वीस मिनिटांत रस दाट होतो, म्हणून उतावीळपणे वाढू नकोस. चौघांना दोनदा पुरतं, तिघांना भांडणासकट एकदाच.

‘लो’ वर रात्रभर ठेवून ऑफिसला जाण्याची कल्पना काढून टाक. गोळे फुलायच्या आधीच भिजून बसतात.

प्रश्न: बहिणीने न्यू जर्सीहून तिचा जुना स्लो कुकर पाठवला. प्लग वेगळा आहे. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारा प्लग बदलायचा जोड लावला तर चालेल ना? (नेरूळ)

नाही. नाही. नाही.

तो जोड फक्त पिना बदलतो, विजेचा दाब (व्होल्टेज) बदलत नाही. कुकरच्या बुडाशी पट्टी असेल, ती वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असणार. आपल्याकडे २३० व्होल्ट. ‘दुप्पट दाब म्हणजे दुप्पट तापेल’ असं वाटतं, पण तसं नाही. तापायच्या तारेत दाब दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. १२० व्होल्टवर २३० वॅट खाणारा कुकर आपल्या प्लगात घातलात तर सुरुवातीला ८४० वॅटच्या आसपास ओढेल. मग वास, मग धूर, मग शेजाऱ्यांची बेल. मी शाळेच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली, जळालेल्या तारेचा वास मला जिन्यात कळतो.

स्टेप-डाउन, म्हणजे विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. २३० वॅटच्या कुकरला निदान ५०० वॅटचा घ्या, काठोकाठ क्षमतेचा घेऊ नका, तो तासन्‌तास चालणार आहे. लॅमिंग्टन रोडला मिळतात. विटेसारखे जड असतात आणि चालताना गुणगुणतात. माझं मत विचाराल तर बहिणीचं प्रेम शोकेसमध्ये ठेवा आणि इथला साधा, तीन खटक्यांचा कुकर विकत घ्या.

प्रश्न: पीच मिळत नाहीत. हापूस फ्रीझरमध्ये भरपूर आहे. चिकू, पपई, जांभूळ यांचा करता येईल का? अननसाने दूध नासून कडू होतं असं सासूबाई म्हणतात. (वाशी)

वाशीत राहून पीच मिळत नाहीत म्हणता? तुमच्या घरापासून मोठं फळ मार्केट रिक्षाच्या अंतरावर आहे! हिमाचलकडचे पीच आणि आलूबुखार मे अखेरपासून जुलैपर्यंत येतात. पेटी घेऊन इमारतीत वाटून घ्या. डब्यातले पीचही चालतात, फक्त पाक निथळून टाका आणि साखर निम्मी करा.

हापूसबद्दल माझं मत कडवं आहे. तो शिजवू नका. दोन तासांत त्याचा वास जातो आणि उरतो तो केशरी गर, तो कुठल्याही आंब्याचा असू शकला असता. कोकण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला ठाणे जिल्हाही आहे. आपल्याच आंब्याची अशी दशा कशाला? फ्रीझरमधला गर वाढताना वरून थंडच ओता. गरम गोळा, थंड आमरस. भाचीने व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि तिने फोन ठेवून दिला.

चिकू आणि पपईला आंबटपणाच नाही, त्यांचा गोडमिट्ट लगदा होतो. जांभूळ मात्र जमतं. बहाडोलीची किंवा बदलापूरची टपोरी मिळाली तर उत्तमच. बिया काढायला घरातल्या रिकाम्या माणसाला बसवा. नुसत्या जांभळाचा तुरटपणा राहतो, म्हणून निम्मी जांभळं, निम्मी सफरचंदाची पातळ कापं. रंग असा येतो की पाहुणे आधी घाबरतात. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेतलीत तर कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवा, ती फार पाणी सोडते.

सासूबाईंचं बरोबर आहे, पण कच्च्या अननसापुरतं. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि कडवटपणा येतो. उष्णतेने ते निकामी होतं. आपण गोळे टाकायच्या आधी फळं पाऊण तास तापवतोच. म्हणजे त्यांचाही मान राहिला आणि कॉब्लरही.

प्रश्न: लाईटबिल किती येईल? बायको म्हणते तीन तास चालणारं काहीही महागच. (कळवा)

२०० वॅटचा कुकर तीन तास चालला तर ०.६ युनिट. तेच १५०० वॅटच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) केलंत तर तापवण्यासकट तास धरला तरी थर्मोस्टॅट मध्ये मध्ये वीज बंद करतो हे जमेस धरून कुकरपेक्षा जास्तच जाईल. वहिनींना हा आकडा दाखवा, पण जिंकल्याचा चेहरा करू नका.

प्रश्न: श्रावणात उपासाला चालेल असा कॉब्लर? (डोंबिवलीची माहेरवाशीण, आता ऐरोली)

मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, आणि बेकिंग पावडरीतही बहुतेक कॉर्नफ्लोअर असतो, म्हणजे तीही नाही. राजगिऱ्याचं पीठ आणि शिंगाड्याचं पीठ घेऊन मी एकदा करून पाहिला. खाल्ला सगळ्यांनी. पुन्हा कर असं कोणीच म्हणालं नाही. रताळ्याचे काप करा गं, साजूक तुपात.

प्रश्न: स्लो कुकर घेतलाच आहे तर त्यात राजमाही भिजवून सरळ टाकला तर? (ठाणे पूर्व)

कॉब्लरचा प्रश्न नाही, पण उत्तर द्यायलाच हवं. सरळ टाकू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते पुरतं जायला खळखळ उकळी लागते. मंद आचेवर ते टिकून राहतं आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा, मग कुकरमध्ये टाका. किंवा आपला शिट्टीचा कुकर आहेच, त्याला काय झालं?

प्रश्न: स्लो कुकर नसेल तर? (बऱ्याच जणी)

जाड बुडाचं पातेलं, खाली जुना तवा, गॅस अगदी बारीक, झाकणाला तोच पंचा (टोकं वर बांधलेली, इथे खरी ज्योत आहे). फळं वेगळी गॅसवर दहा मिनिटं शिजवून रस दाट करून घ्या, मग गोळे टाकून पस्तीस-चाळीस मिनिटं. लक्ष ठेवायला लागतं, तळ करपू शकतो. स्लो कुकरचा खरा फायदा तिथेच आहे: तुम्ही तलावपाळीला फेरी मारून येऊ शकता. गॅस लावून जाऊ नका.

प्रश्न: उरलेल्या कॉब्लरचं दुसऱ्या दिवशी काय करावं? गोळे भिजून लिबलिबीत होतात. (घोडबंदर रोड, पहिल्याच शिक्षिका, दुसरं पत्र)

गोळे आणि फळं वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गोळे आडवे कापून लोखंडी तव्यावर चमचाभर तूप सोडून दोन्ही बाजूंनी भाजा, हलवू नका, कडेने तांबूस रेघ दिसेपर्यंत थांबा. फळं वाटीत थोडी गरम करा आणि वर ठेवा. बाजूला घट्ट साय. आमच्याकडे हल्ली कॉब्लर आदल्या दिवशीच होतो, आणि त्या दिवशी कोणाला हात लावू देत नाही.